वाटी सरकली म्हणे

६ जानेवारी १९५७
दुपारी पुन्हा तेच. हे उठून पान लावायला बसले आणि मी पोटाशी उशी धरून आडवी. बेंबीखाली, उजवीकडे जास्त. दीड महिना झाला, प्रत्येक वेळी असंच. नंतर तासभर चालवत नाही. म्हणाले, "तुझी नाटकंच फार." यांच्या अंगाच्या वासाचीसुद्धा किळस येते आता.

९ जाने.
सासूबाईंचं निदान: बेंबीची वाटी सरकली. चोळणारी आली. बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला, मग दोन्ही अंगठ्यांनी पोट रगडलं. मी ओरडले. "वाटी सरकेल शे बाई, आखो दोन दिन चोळनं पडी." तेलकट हात माझ्याच पदराला पुसले. शी!

११ जाने.
ताप. अंगावरून जातं, घाण वास. शाळेत शिकवताना मुलींजवळ उभं राहायची लाज वाटते. चोळणं पुरे म्हटलं तर सासूबाई रुसल्या.

१५ जाने.
शनवारा पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे. सासूबाई बरोबर, आणि उत्तरंही त्याच देणार. "हिला वायू धरतो." मला तोंड कशाला दिलंय देव जाणे. बाईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, "नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं का?" इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. रडले. तपासून म्हणाल्या, असं दुखतं तेव्हा कुणाला गाठ असते, कुणाची पिशवी मागे वळलेली असते. तुला आत सूज आहे, संसर्गाची. चोळून वाढवलीत. पेनिसिलिनच्या सुया, रोज एक, दहा दिवस. नवऱ्यालाही घ्याव्याच लागतील, नाहीतर परत होईल. तोवर जवळ जायचं नाही.
"मिस्टर बाहेरगावी असतात का?"
नोव्हेंबरात राज्यांची रचना बदलली, कचेरीची दप्तरं सोपवायला हे नागपूरला तीन आठवडे राहिले. परत आल्यापासूनच माझं हे दुखणं. एवढंच म्हटलं, "असतात कधीकधी." त्यांनी सुयांच्या चिठ्ठीवर यांचंही नाव लिहिलं.

१६ जाने.
यांना सांगितलं. "दुखतंय तुला, सुई मी का घेऊ?" नागपूरचं विचारलं तर ताट सरकवून उठले. सासूबाई मलाच, "हळू बोल, शेजारी ऐकतात." ऐकू देत!

२६ जाने.
दहाही सुया झाल्या. ताप नाही, पोट हलकं. शाळेत झेंडावंदनाला मोठ्याने गायले. हे रोज "उद्या जातो" म्हणतात. डोळा मात्र माझ्या अंथरुणावर.

२ फेब्रु.
संध्याकाळी हसत आले. दंडावर कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी. "घेतली तुझी सुई. आता तरी?" सासूबाईंनी लगेच शिऱ्याला रवा भाजायला घेतला. मी पट्टी ओढून काढली. बोळा कोरडा, दंडावर टोचल्याची खूण नाही.  सूज परत आली तर माझ्या पोटात येणार, यांचं काय जातं?
सासूबाईंनी दंड पाहिला, मग रव्याची कढई खाली उतरवली. म्हणाल्या, "आजच्या दिवस माझ्याजवळ नीज. उद्या आपल्या जागी जा."
उद्याला मी हो म्हटलेलं नाही.