शिकागो : अंधार पडायच्या आत

सोमवार, ९ फेब्रुवारी. पहाटे ५.१०

बस वेळेवर. विमानाला दोनशे सव्वीस डॉलर, बसला चौऱ्याण्णव. माझी बायको मार्लिस म्हणाली, सख्ख्या भावाचं हृदय उघडणार आहेत आणि हा माणूस बसने धक्के खात निघालाय! म्हटलं, ऑपरेशन गुरुवारी अकराला. लिऑनशी नऊ वर्षं बोललो नाही, आणखी बारा तासांनी काय बिघडतं? गेल्या आठवड्यात त्यानेच फोन केला. आत नेण्याआधी समोरासमोर बोलायचंय म्हणाला. शेताच्या विक्रीबद्दल असणार. माफी मागितली तर मोठ्या मनाने ऐकेन.

शहराचे नियम माझे मीच केले. घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायलाही मला कुणी शिकवलं नव्हतं. पैसे तीन जागी. अनोळखी नंबर उचलायचा नाही. अंधार पडायच्या आत खोलीवर.

मंगळवार, १०

मोटेल शहराबाहेर, अठ्ठावन्न डॉलर. इस्पितळाजवळ एकशे नव्वद मागतात. लुटायला बंदूकच लागते असं नाही. नाश्ता फुकट. दोन उकडलेली अंडी खिशात टाकली, दुपार भागली. दिवसभर मार्गाचा अभ्यास : एक ट्रेन, दोन बस.

एकाच अनोळखी नंबरावरून चार फोन. चारही वाजू दिले. संध्याकाळी मार्लिस ओरडली, अरे, लिऑन आहे तो, इस्पितळाच्या फोनवरून! म्हटलं, हल्ली यंत्रं हुबेहूब आवाज काढतात. त्याला विचार, बाबांनी विकलेल्या घोडीचं नाव काय. दहा मिनिटांनी उत्तर आलं : त्या गाढवाला सांग, घोडीचं नाव पर्ल, आणि बाबांनी ती विकली नाही, ह्यानेच गोठलेल्या तळ्यावर नेऊन बुडवली. शेत गेलं खड्ड्यात. नुसता ये म्हणावं.

नाव बरोबर. बाकी तपशील जुळत नाही. पन्नास टक्के गुण.

बुधवार, ११. सायंकाळी ५.१५, खोलीवर

गर्दी ओसरल्यावर दीडला निघालो. बर्फ. दुसरी बस रांगत होती. ३.४० ला इस्पितळ तीन थांबे पुढे. सूर्यास्त ५.१८, परतीला दीड तास. गणित सरळ होतं. उतरलो. ड्रायव्हर बाई म्हणाली, अहो दादा, तीनच थांबे राहिलेत, ह्या बर्फात कुठे उतरताय? एवढी आपुलकी कशासाठी असते ते मी ओळखतो. कमरेच्या पैशांच्या पट्ट्यावर हात दाबून रस्ता ओलांडला. तीन मिनिटं आधी पोचलो.

मार्लिसला सांगितलं. ती म्हणाली, त्याने आज नर्सकडून दाढी करून घेतली होती, तू येणार म्हणून.

उद्या नऊला पोचतो. दोन तास मिळतील. आम्ही फार बोलणारे नाही, पुरतील. फोन बंद करून झोपतो, बॅटरी टिकते.

गुरुवार, १२. सकाळी ८.५०

दहा मिनिटं आधी हजर. नर्स म्हणाली, आधीच्या रुग्णाला ताप आला, म्हणून तुमच्या भावाला सहालाच आत नेलं. वेळापत्रक असं बदलणं बरं नव्हे. तिला तसं सुनावलं.

११.४०. दोन डॉक्टर आले. बातमी चांगली असती तर एकटाच आला असता. हृदय पुन्हा सुरू झालं नाही. विचारलं, पंपाचा दाब किती ठेवला होता? धाकट्या डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाब सांगितला नाही.

शुक्रवार, १३

लिऑनचं सामान ताब्यात घेतलं. चष्मा, घड्याळ, एक पाकीट. पाकिटात समोरच्या हॉटेलची पावती. खोली माझ्या नावावर, सोमवार ते शनिवार, पैसे भरलेले. नर्स म्हणाली, फोनवर सांगू नका म्हणाले होते. पैशांवरून भांडेल आणि यायचाच नाही, समोर आला की सांगेन म्हणाले.

जाऊन पाहिली. सातवा मजला. पलंगावर टॉवेल घडी करून ठेवलेले. खिडकीसमोर त्याचा वॉर्ड. कालची नर्स चादर बदलत होती, तिचा चेहरासुद्धा ओळखू आला.

खाली येऊन रस्ता मोजला. चौतीस पावलं. परत मोजला. चौतीसच.