उपरण्याखाली विकलेली टोकनं

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा मोबाईलही नव्हता, त्यामुळे आता सांगणार आहे ते तुम्हाला नीट समजणार नाही. न समजताही तुम्ही मान डोलवाल, हे मला ठाऊक आहे. बेल्ह्याच्या बैलबाजारात तुमची अर्धी दलाली त्या मान डोलवण्यावरच चालायची.

तुमच्या लेकानं, आपल्या धाकट्यानं, गायींची टोकनं विकली. म्हणजे असं, की एका कंपनीनं सांगितलं, घोडेगावच्या पुढं आमचा मोठा गोठा आहे, प्रत्येक गायीच्या कानात नंबराचा बिल्ला आहे आणि त्या नंबरावर आम्ही मोबाईलमध्ये टोकनं काढली आहेत. टोकन घेईल तो त्या गायीचा वाटेकरी, दुधातला हिस्सा महिन्याच्या महिन्याला जमा. आणि हे सगळं ब्लॉकचेनवर. ती नोंद एका वेळी असंख्य कॉम्प्युटरांवर राहते, सगळ्यांना दिसते, आणि एकदा झाली की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. ‘बापाला’ हा शब्द धाकट्याचा. बाजारात तो असंच सांगायचा आणि पुढं म्हणायचा, “आन् माजा बाप तर तुमाला म्हाईतच हाय.”

तुम्ही कसे होता ते मला अजून दिसतं. बाभळीखाली तुम्ही उभे आहात, खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलंय आणि त्याखाली घेणाऱ्याची बोटं दाबून भाव ठरवताय. तोंडानं आकडा नाही. मी एकदा मोठ्यानं विचारलं, “अण्णा, कितीला दिला?” तर चारचौघांत माझ्यावर खेकसलात, “पोरीच्या जातीला काय करायचंय?” तेव्हापासून मी बाजारात विचारायचं सोडलं आणि फक्त बघायला लागले. उपरणं हातावर येण्याआधी तुम्ही सकाळभर त्या बैलाभोवती फिरलेले असायचात. दात बघायचे, खूर उचलायचे, गाडीला जुंपून चढावर न्यायचे, त्याच्या गावच्या माणसाला चहा पाजून बोलतं करायचे. मग शब्द द्यायचा, की खोड निघाली तर पुढच्या बाजाराला परत आणा, मी बसलोय. लोकांना तुमचा शब्द तेवढा लक्षात राहिला. सकाळभराची ती पायपीट कुणी बघितलीच नाही, आणि ज्याला तुम्ही उपरणं दिलंत त्यालाही ती कधी शिकवली नाहीत.

मग त्यानं काय करावं? टोकनाचा भाव मोबाईलवर ढळढळीत दिसतोय, तरी हा पठ्ठ्या उपरण्याखाली बोटं दाबून टोकनं विकतोय! लोकही खूश. ते धरून चालले, की जनावराचा रिवाज तोच टोकनाचा. खोड निघाली तर अण्णांचा पोरगा पुढच्या बाजाराला परत घेईल. शिकलेली माणसं होती त्यात, शाळेतले गुरुजी होते. पण ज्याच्याकडून घेतलं त्याला टोकन परत करायची सोय त्या कंपनीनं कुठंच ठेवलेली नव्हती, आणि हे कुणी विचारलंही नाही. विचारणं म्हणजे तुमच्या नावावर संशय घेणं झालं असतं ना!

दुधाचा हिस्सा यायचा थांबला तेव्हा धाकटा जुन्नरला माझ्या घरी आला. चहाला हातसुद्धा लावला नाही.

“आक्का, तू कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतीस. येत्या बाजाराला ये आन् लोकांम्होरं येवढंच सांग, का टोकन चांगलं हाय. लोकं लई चुळबूळ करायला लागल्यात.”

“आधी बघते, मग सांगते,” मी म्हटलं.

“बघायचं काय त्यात? समदं उघडंच हाय की.”

ते मात्र खरं होतं. सगळं उघड होतं, मी फक्त वाचलं. ज्या प्रोग्रामवर टोकनं चालतात त्यात एका माणसाच्या हाती किल्ली होती, आणि तो वाटेल तेव्हा वाटेल तेवढी नवी टोकनं काढू शकत होता, गाय असो वा नसो. गायी आहेत की नाहीत हे कंपनीच सांगत होती, बाहेरचं कुणी तपासत नव्हतं. हे मी घरी बसून सांगू शकले असते. पण तुमची पोरगी ना, घोडेगावची एस.टी. धरली.

गोठा होता. गायीही होत्या, थोड्या. मालक शेण ओढत होता. मी कंपनीनं मोबाईलवर टाकलेले फोटो दाखवले तर तो हसायला लागला.

“आवो बाई, ह्या गाया माज्या हायेत. ती मान्सं आली, फोटू काढलं, भाडं दिलं आन् गेली. परत न्हाई फिरकली.” मग एका फोटोवर बोट ठेवून म्हणाला, “ही? ही तर कवाच मेली.”

मी तिथंच उभ्या उभ्या तिच्या बिल्ल्याचा नंबर टाकून बघितला. त्या मेलेल्या गायीचं टोकन त्याच दिवशी सकाळी एकानं दुसऱ्याला विकलं होतं. ती विक्री नोंदीत बरोबर होती, वेळेसकट. ब्लॉकचेननं कुठंही खोटं सांगितलं नव्हतं. टोकन कुणाकडून कुणाकडे गेलं एवढंच तिला माहीत असतं, गोठ्यात गाय उभी आहे का हे तिला कुणीतरी सांगावं लागतं.

धाकट्याला सांगितलं तर तो रडला. मग म्हणाला, “ह्या बाजाराला गप ऱ्हा. नवी लोकं येत्यात, त्यांच्या पैशातनं जुन्यांचं भागवतो.” आईचा फोन आला, “त्याला सांभाळून घे बाई. भावाचं घर उघड्यावर आणशील व्हय?” मी तिला विचारलं, नव्या लोकांच्या घरांचं काय? तिनं फोन ठेवून दिला.

मी बाजारात गेले आणि बोलले. एक म्हातारा बैलजोडी विकून टोकनं घ्यायला आला होता, पैसे कमरेच्या पिशवीत. माझं ऐकून त्यानं पिशवीची गाठ आवळली आणि घरची वाट धरली. बाकीचे धाकट्याकडे वळले, रिवाजाप्रमाणे, घे परत म्हणून. त्यानं ट्रॅक्टर विकला, पुरला नाही. आता तो माझ्याशी बोलत नाही. भाऊबीजेला मी ताट करून बसले होते. आई त्याच्याकडे राहते, तिला माझ्याकडे यायची बंदी आहे. ही बंदी तिनं स्वतःच घातली आहे असं लोक म्हणतात, तेच जास्त लागतं. आणि बाजारात काय बोलतात माहीत आहे? “अण्णा असते तर असं झालं नसतं.” माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अण्णा, तुमच्यामुळंच झालं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला नको आहे. त्या दिवशी मी प्रिंट काढून नेल्या होत्या, गोठ्याचे फोटो होते, मालकाचं बोलणं रेकॉर्ड केलेलं होतं. कुणी बघेना. “ही बाई कोण?” असं मागून कुणीतरी विचारलं. मग मी कागद पिशवीत कोंबले आणि ओरडून म्हटलं, “मी अण्णांची पोरगी हाय.” अण्णा, सगळा बाजार माझ्याभोवती जमला आणि माझा शब्दन् शब्द लोकांनी खरा मानला. पुरावा कुणी मागितलाच नाही.