अजून काही पुसलेलं नाही

आई, आज ऑफिसात एका वाक्यावरून साहेबांशी भांडले. तुझीच लेक, आवाज चढलाच.

आम्ही संगणकावर नवी सिस्टीम चढवणारा प्रोग्रॅम बनवतो. मध्येच काही अडलं तर पडद्यावर काय लिहून यावं, ते माझं काम. परवा सांगानेरहून कपड्यावर ठसे छापणाऱ्या कारखान्याच्या बाईंचा फोन आला, रडवेल्या झालेल्या. पडद्यावर ‘डिस्क सापडली नाही’ एवढंच आलेलं, आणि डिस्कमध्ये त्यांच्या सगळ्या नक्ष्यांचे फोटो. “मॅडमजी, सब मिट गया क्या?” अगं, काहीच मिटलं नव्हतं! डिस्क ओळखायला ड्रायव्हर लागतो, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, तेवढाच मिळत नव्हता. मी तो मजकूर बदलला: ‘अजून काहीही पुसलेलं नाही. डिस्कचा ड्रायव्हर मिळत नाही. तो संगणकाच्या कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घ्या, इथे लावा आणि पुन्हा शोधा.’ बाईंना तो पाठवला, त्यांचं काम झालं. तरी साहेबांचं आपलं एकच, पहिलं वाक्य काढा, पाल्हाळ आहे.

आदर्श नगरच्या घरी लहानपणी मी जिन्यावरून पडून हात मोडून घेतला होता, आठवतं? तू कोपऱ्यावरच्या बूथमधून साताऱ्याला आजीला फोन लावतेस, मी शेजारी, हात गळ्यात बांधलेला. “आम्ही सगळे बरे आहोत,” असं तू आधी म्हणतेस आणि मग प्लास्टरचं सांगतेस. मला असा राग आला! मतलब, मी कुठे बरी आहे? फोन ठेवून तू मलाच दटावलंस, “लांबचं माणूस आहे ते. काय मोडलं ते नंतर, काय शाबूत आहे ते आधी सांगायचं.”

साहेबांना ही गोष्ट कशी सांगणार? बाईंनाच फोन लावून स्पीकरवर घेतलं. त्या म्हणाल्या, पहिली ओळ वाचली तेव्हा कुठे श्वास आला, पुढचं त्यानंतर वाचता आलं. वाक्य राहिलं. मला घरी येऊन तुला सांगायचं होतं गं, फार वाटलं.

हे कुठे धाडणार, इथेच राहील. एकच सांगते, बाबांनाही कधी बोलले नाही. तू गेलीस तेव्हा मी पुण्यात होते. बाबांनी फोन केला आणि सवयीने म्हणाले, “आम्ही सगळे बरे आहोत.” पुढे त्यांना बोलवेना. मला कळलं होतं, आई. तरी काय झालं असं मी लगेच विचारलं नाही. तेवढा वेळ त्या सगळ्यांत तू होतीस.