वर्तुळाच्या आत

आई, आज इथल्या इंडियन स्टोअरमध्ये कुरडयांचं पाकीट दिसलं आणि तुझ्याशी भांडायची जुनी हुक्की परत आली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आपलं ते एक भांडण काही मिटलेलं नाही.

२००२ चा मे महिना. सरहद्दीवर दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर उभं आहे आणि इकडे परदेशात, शॉमबर्गच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये टीव्ही दिवसभर चालू आहे. न्यूज चॅनेलवाल्यांच्या घरी तर जणू लग्नच निघालंय: धडाधड वाजणारं संगीत, लाल अक्षरं, आणि भारताच्या नकाशावर लाल वर्तुळं. अणुबॉम्ब इथे पडला तर काय, तिथे पडला तर काय. मुंबईवरचं वर्तुळ इतकं ऐसपैस काढलं होतं, की पुणंही आरामात आत बसलं होतं. तुझी नात शांतपणे विचारते, "मॉम, इज आजी इनसाइड द सर्कल?" मी चॅनेल बदलला. तिथेही वर्तुळ होतंच. ऑफिसात लोक माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलायचे, की जणू तू आधीच गेली होतीस. मेल्यांचा असा राग यायचा!

तुझा व्हिसा माझ्या बाळंतपणाच्या वेळचा होताच. फोन करून म्हटलं, "आई, मी तिकीट बुक करते, मिळेल त्या फ्लाइटनं निघ." तर तू म्हणालीस, "अगं, गहू भिजत घातलेत. उद्या चीक काढायचाय. टाकून आले तर आंबून जाईल सगळं." युद्धाच्या तोंडावर कुरडया! मी ओरडलेच, "तिथे टीव्हीवर दाखवत नाहीत का काही?" "दाखवतात की. गच्चीवर ऊन किती छान पडलंय, तेवढं दाखवत नाहीत." आणि आदल्या सप्टेंबरची आठवण काढलीस. ते टॉवर पडले तेव्हा तू टीव्हीपुढे बसून रडत होतीस, 'आत्ताच्या आत्ता परत ये' म्हणत होतीस, आणि मी हसून सांगितलं होतं, न्यूयॉर्क इथून लांब आहे गं, पुण्याहून दिल्ली असावी तसं. आता तू मला तेच ऐकवत होतीस.

मला रडू फुटलं. तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणालीस, "हे बघ, बॉम्बसाठी नको बोलावूस. त्याला भिऊन मी घर सोडायची नाही. पण तुला तिथे करमत नसेल तर तसं सांग. चीक शेजारच्या काकूंना देते आणि येते."

"छे गं, मला काय धाड भरलीय? मी मजेत आहे."

"मग झालं तर," तू म्हणालीस.

युद्ध झालं नाही. चॅनेलवाल्यांना दुसरं काहीतरी मिळालं. दिवाळीच्या सुमारास कुणाबरोबर तरी तू त्याच कुरडया पाठवल्यास. वाटेत चुरा झालेला, तो मी तळला आणि लेकीनं चिप्ससारखा बकाबका खाल्ला. तुझं येणं मात्र 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत राहूनच गेलं, आणि मग एका सकाळी दादाचा फोन आला.

आजच्या कुरडया तळल्या. फुलल्या छान, पण तुझ्या चिकाचा तो आंबूस वास नाही. हे पत्र मी कुठे टाकणार? तरी सांगते. वर्तुळाची भीती खरी होती, पण अर्धीच. तू विचारलंस तेव्हा मला करमत नव्हतं, आई. अजूनही करमत नाही.