पाऊण बाहीविरुद्ध

१४ ऑक्टोबर, सोमवार

पाऊण बाहीविषयी कुणीतरी एकदा ठाम भूमिका घेण्याची वेळ आली आहे. स्त्री पन्नाशी ओलांडते आणि जगातले यच्चयावत शिंपी एकमताने ठरवतात की हिच्या दंडाचा आता लोकांना उपद्रव होईल, सबब तो झाकावा. पूर्ण झाकावा तर आमचा उन्हाळा आडवा येतो. उघडा ठेवावा तर सभ्यता आडवी येते. म्हणून कोपराखाली चार बोटं येऊन दमणारी ही तडजोड.

आज डब्बो शहरातल्या मोठ्या दुकानात गेले होते. विक्रेतीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि थेट मागे नेलं. आधी उशा, मग चादरी, मग आम्ही. तिथे झाडून सगळ्या ड्रेसना पाऊण बाही आणि पोटावर भली मोठी फुलं. "हे फार खपतात," ती म्हणाली, "सगळं झाकून जातं." सगळं म्हणजे काय, असं मी विचारलं. "सगळंच," ती म्हणाली.

संकल्प: नऊ नोव्हेंबरला आमच्या कुराविला गावच्या घोड्यांच्या शर्यती. त्यातल्या वेशभूषेच्या स्पर्धेत मी खुल्या गटात उतरणार. पन्नाशीपुढच्या बायकांसाठी 'क्लासिक' नावाचा वेगळा गट काढलेला आहे, हे मला माहीत आहे. पण नियमावली सांगते की स्पर्धकाने आपल्याला योग्य वाटेल तो गट निवडावा. 'वाटेल' या शब्दावर माझी सगळी भिस्त. क्लासिकमध्ये गेलेली बाई पुन्हा खुल्या गटात आल्याचं गावात कुणाला आठवत नाही. तो एकेरी रस्ता आहे.

आई याच मैदानावर खुल्या गटात जिंकली होती. तिथल्या क्लबात बारशेजारच्या भिंतीवर तिचा फोटो आहे. फोटो काळा-पांढरा, पण ड्रेस लिंबाच्या रंगाचा होता हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. दोन्ही दंड उघडे. घराण्याचा म्हणून काही बाणा असतो.

ता. क. दहा नोव्हेंबरला माझा वाढदिवस. एकोणसाठ. त्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही.

१५ ऑक्टोबर

रोज सकाळी नदीपर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. पाव बंद. उद्यापासून नव्हे, आजपासून.

१६ ऑक्टोबर

मॅगपाय पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू आहे. पोस्टासमोरच्या निलगिरीवरचा नर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतो. डेसने (नवरा) सायकलचं हेल्मेट काढून दिलं. पाखराने बुजावं म्हणून त्याला वर प्लास्टिकच्या काड्या साळिंदरासारख्या उभ्या लावलेल्या. निम्म्या वाटेवरून परत आले. गुरांच्या डॉक्टरकडे काम करणारी कीली गाडीतून हात करत गेली. वय चोवीस. हेल्मेट तिच्या लक्षात आलं नसावं.

चालणं विणीचा हंगाम संपल्यावर. पाखरांच्या संसारात आपण ढवळाढवळ करू नये.

१९ ऑक्टोबर, शनिवार

घरातलेच जुने ड्रेस घालून पाहिले. डेस टेबलाशी बसून पेपर वाचत होता. तो लोकरीचा पारखी. लोकर बोटांत धरून तिची प्रत सांगतो, दात बघून मेंढीचं वय सांगतो. त्याच्या मताला जिल्ह्यात किंमत आहे. निळा घालून आले. "चांगला आहे." हिरवा. "चांगला आहे." अंत्यसंस्काराला घालते तो काळा. "चांगला आहे." शेवटी टेबलक्लॉथ गुंडाळून समोर उभी राहिले. त्याने नीट पाहिलं. "चांगला आहे," म्हणाला, "पण हा पूर्वी कुठेतरी पाहिलाय."

२३ ऑक्टोबर

ऑनलाइन मागवलेला ड्रेस आला. फोटोतल्या मुलीला तो गुडघ्यापर्यंत होता. मला मागून गुडघ्यापर्यंत आहे, पुढून वाटेत कुठेतरी अडकतो. परत पाठवला. 'कारण' या रकान्यात 'रंग' असं लिहिलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

विजय.

आज शेजारच्या मिंडारीला गेले, तिथल्या चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. आपल्या गावच्या दुकानातून आपण कपडे घेत नाही. घेतले तर रविवारी प्रार्थनेला शेजारची बाई स्वतःच्या ब्लाउजची बटणं आपल्या अंगावर ओळखते. म्हणून आम्ही मिंडारीला जातो आणि मिंडारीच्या बायका आमच्याकडे येतात. वाटेत पेट्रोल पंपावर गाठ पडली तर दोघीही हवापाण्यावर बोलतात. द्यायचंही तसंच. आई गेल्यावर तिचे कपडे मी मिंडारीलाच पोचवले होते, म्हणजे पोस्टाच्या रांगेत तिचा स्वेटर आपल्या पुढे उभा दिसू नये. अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली. फार कपडे नव्हते.

तर ड्रेस. पिकल्या संत्र्याचा रंग. रेशमी. पाऊण बाही नाही, अर्धी नाही, पावदेखील नाही. आणि एकच खांदा. दुसरा खांदा शिंप्याने सरळ सोडून दिला आहे. हातात घेतला आणि कळलं, हाच.

काउंटरवरची म्हातारी म्हणाली, "लेकीसाठी का गं?" मी हो म्हटलं. खोटं बोलायचा हेतू नव्हता, चर्चा वाढू नये एवढाच. "तिला शोभेल," ती म्हणाली. "एकदाच घातलेला आहे. देणारी पोर फार जपून घेऊन आली होती." अशा ड्रेसला पूर्वायुष्य असणारच. मी चौकशी केली नाही.

२९ ऑक्टोबर

जॉसलिन येऊन गेली. शाळेपासूनची मैत्रीण, आणि स्पर्धेचा माइक दरवर्षी तिच्याच हाती. मी ड्रेस दाखवला नाही. रंगसुद्धा सांगितला नाही. "मला नाही सांगणार?" म्हणाली. "दाई मी होते तुझ्या लेकीच्या वेळी, तेव्हा काही लपवलं नव्हतंस." मी गूढ हसले.

मग सुरू झाली. क्लासिकमध्ये ये. यंदा तिथे ती एकटीच आहे, दोघी झालो तर एकीला तरी हरल्याचा मान मिळेल. स्वतःचा निळा ड्रेसही देऊ केला, अंगाला सुखाचा आहे म्हणे. बाही विचारली. पाऊण. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो.

गेल्या साली कोण कशात जिंकलं तेही सांगायला लागली. तेव्हा डेसच्या हर्नियामुळे आम्ही सिडनीला होतो, शर्यती हुकल्या. मी तिला तिथेच थांबवलं. दुसऱ्याच्या विजयाची वर्णनं ऐकली की आपली प्रतिभा बाटते.

२ नोव्हेंबर

चेन पाठीच्या मध्यावर येऊन थांबते. पुढे येतच नाही. कापड धुतल्यावर आटलेलं दिसतं. मी धुतलेलं नाही, पण देणाऱ्या पोरीने धुतलं असेल.

डेसला बोलावलं. त्याने आधी कापड दोन बोटांत घोळलं आणि "पहिली प्रत" असा निकाल दिला. मग चेनकडे पाहून पक्कड आणायला गेला. पकडीने काम होईना, तेव्हा लोकरीची गाठोडी शिवायची सुई घेऊन आला. चेन थांबते तिथून वर मला शिवून टाकायचं, असं ठरलं. बाहेर कसं पडायचं ते नंतर बघू. "खुला गटच ना?" त्याने विचारलं. हो. "वय विचारत नाहीत?" नाही. "मेंढ्यांना विचारतात," म्हणाला आणि गेला.

त्याला विचारलं होतं कुणी?

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मेलबर्नची घोड्यांची मोठी शर्यत. सगळा देश दुपारी काम टाकून टीव्हीपुढे. शाळेच्या लायब्ररीत माझ्यासकट सगळ्या मास्तरणी शर्यतीच्या रिवाजाप्रमाणे डोक्याला पिसं लावून बसलेल्या. मी माझी टोपी पहिल्यांदाच घातली, स्वतः केलेली. मुख्याध्यापक म्हणाले, मॅगपायने पाहिलं तर जीवच घेईल. म्हणजे नजरेत भरते आहे.

पाव पुन्हा सुरू केला. उपाशी माणसाच्या चेहऱ्यावर तेज राहत नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी ७

मला शिवून झालं आहे. बसता येत नाही, उभ्यानेच लिहिते आहे. आरशात पाहिलं. हुबेहूब आईचा फोटो. रंग, चण, काळ आणि एक खांदा सोडला तर.

९ नोव्हेंबर, दुपारी, गाडीत आडवी पडून

घटना लिहून ठेवते. त्यातून काही निष्कर्ष काढणार नाही.

मैदानावर डेसचा लांब कोट अंगावर ठेवला होता, ड्रेस एकदम प्रकट व्हावा म्हणून. नोंदणीच्या टेबलावर जॉसलिन. "खुला," मी म्हटलं. ती म्हणाली, "नरेल, अगं नक्की ना? माझ्यासाठी तरी क्लासिकमध्ये ये." नक्की, म्हटलं. खुल्या गटात मी धरून सहाजणी. बाकीच्या पाचजणींच्या आया माझ्या वर्गात होत्या.

मंच म्हणजे ट्रकचा ट्रेलर. चढायच्या पायऱ्या मागच्या बाजूने. कोट काढला आणि चढले. टाचा गवतात रुतत नव्हत्या, वारा पडला होता, सगळं अनुकूल. पुढे आले आणि लोकांतून एक कुजबुज उठली. खालपासून वरपर्यंत गेली, पुन्हा खाली आली. मला वाटलं, झालं, घराण्याचा बाणा लोकांपर्यंत पोचला. उघडा खांदा जरा वर केला. जॉसलिनने माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "नरेल ट्रँटर. टोपी हिने स्वतः केली आहे."

ड्रेसविषयी अक्षर नाही. मत्सर, मी मनात म्हटलं.

बियरच्या तंबूकडून कुणीतरी ओरडलं, "फरक शोधा, बक्षीस मिळवा." हशा पिकला. मीही हसले, कळलं नव्हतं तरी. मग परीक्षकांनी नियमाप्रमाणे पाठ दाखवायला सांगितलं. मी वळले.

समोर कीली होती. ट्रेलरच्या पाठच्या बाजूला लावलेल्या फलकावर, शेडच्या दाराएवढी. गेल्या सालची विजेती. पिकल्या संत्र्याचा रंग, एकच खांदा, वर पट्टा. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिलो. तिला तो ड्रेस कसा दिसतो हे मला कळलं. मला कसा दिसतो हे लोकांना आधीच कळलं होतं. आणि पाठ लोकांऐवजी मी तिलाच दाखवायला हवी होती, कारण पाठीवर डेसचा टाका होता.

टाका उसवला नाही, एवढं नमूद करते. गाठोड्याचा टाका आहे.

खाली उतरले तेव्हा खरी कीली पायऱ्यांशी वाट पाहत होती. चेहरा पडलेला. "मी मुद्दाम मिंडारीला दिला हो," म्हणाली. "इथे दिला असता तर कुणीतरी घालून समोर आलं असतं." मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे तसं नाही. माझ्यापेक्षा तुमचा खांदा छान आहे. खरंच." चांगली मुलगी आहे. हेल्मेट तिने त्या दिवशी पाहिलं असणार.

जॉसलिन क्लासिकमध्ये पहिली आली. दुसरी कुणी नव्हतीच.

डेस कोट घेऊन आला, माझ्या खांद्यांवर टाकला, दोन्ही. "चांगला आहे," म्हणाला. मी म्हटलं, डेस, तू हा पूर्वी कुठे पाहिला होतास का? "गेल्या साली पेपरात," म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

गाडीकडे येताना क्लबात शिरले. आईच्या फोटोखाली साल लिहिलेलं आहे. आजवर ते वाचून हिशेब केला नव्हता. माझ्या जन्माआधीचा फोटो. त्यात ती कीलीच्या वयाची आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी डेसने टाके कापून मला सोडवलं. रात्री तसंच झोपावं लागलं होतं. ड्रेस आता मिंडारीच्याही पलीकडच्या गावाला द्यावा लागेल.

जॉसलिन केक घेऊन आली, आणि तो निळा ड्रेस. फक्त म्हणाली, "बावळट, मला रंग सांगितला असतास तर?" आणि मिठी मारली. मत्सराबद्दल मी जे काही लिहिलं आहे ते मागे घेते.

ती गेल्यावर ड्रेस घालून पाहिला. चेन वरपर्यंत जाते. हात सहज वर होतात. पाऊण बाहीमुळे उन्हात कपडे वाळत घालताना दंड भाजला नाही. अंगाला सुखाचा आहे.

डेसने पेपर खाली ठेवून पाहिलं. "चांगला आहे." मग पेपर पुन्हा उचलता उचलता म्हणाला, "तुझ्या आईकडे नव्हता असला."

नव्हता. तिच्याकडे अठ्ठावन्नपर्यंतचेच होते. तिचं कपाट मी स्वतः रिकामं केलं, मला माहीत आहे. आजपासून मी आईपेक्षा मोठी. या वयाची बाई आमच्या घरात कुणी झालेली नाही, तेव्हा ती काय घालते, कशी दिसते, हे मला कुणाकडे बघून कळणार नाही. महिनाभर मी दंडाविषयी लिहीत होते. भीती मला याची वाटते आहे, आणि हा निळा ड्रेस जुना होईपर्यंत मी असेन की नाही, याची.