वळणावर उतरणारी माणसं

४ नोव्हेंबर, सोमवार

तो कागद कुणाच्या उंचीला लावलाय? माझा हात पोचत नाही तिथे, नजर काय पोचणार! अक्षर मुंगीएवढं. स्टेशनमास्तराला म्हटलं, वाचून दाखव. तो म्हणे, आजीबाई, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही कुठे जाता गाडीनं. म्हटलं, मी नाही जात, माझी लेक येते. रोज रात्री दहाला. तू जेवून आडवा होतोस तेव्हा ती डब्यात उभी असते. मग वाचलं त्यानं, पण एखाद्या लहान मुलाला वाचून दाखवावं तसं.

शहराकडून येणारी शेवटची गाडी आपल्या गावापर्यंत आणायची की मधल्या जंक्शनलाच थांबवायची, हे ठरवायचंय म्हणे. येत्या सोमवारपासून सहा रात्री एक माणूस फलाटावर उभा राहून उतरणारी डोकी मोजणार. पंचवीस भरली तर गाडी राहील. नाहीतर एक डिसेंबरपासून बंद.

जंक्शनपासून इथपर्यंत तीस किलोमीटर. रात्री तिथून गावाला यायला काय मिळतं? कुत्री मिळतात.

नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात लिहितेय. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी. चुकलं तर वही काही हसत नाही, तेवढं बरं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. फलाटावर पंचवीस! फलाटावर पाच उतरतात, फार तर सहा.

आमची वस्ती नदीच्या अलीकडे, स्टेशन पलीकडे. स्टेशनावरून पुलाला वळसा घालून यायचं म्हणजे पाऊण तास. पण पिठाच्या गिरणीमागे रुळाला वळण आहे, तिथे गाडी माणसाच्या चालीनं जाते. आमची सगळी तिथेच उतरतात. पाच मिनिटांत घरी. तिशीच्या वर माणसं आहेत. बेकरीवाला, दवाखान्यातली नर्स, गोदामातली पोरं, माझी लेक. सगळी मोजणीवाल्याला दिसायच्या आधीच घरी पोचलेली.

आणि पहिली कोण उतरली? मी! एकतीस वर्षं झाली. शहरात शिवणाच्या कारखान्यात होते. सातवा महिना, पाय सुजून खांब झालेले. पाऊण तास चालवेना, म्हणून गाडी हळू झाली तशी उतरले. पोटात हीच लेक होती. तेव्हाच्या ड्रायव्हरनं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी आणखी हळू केली. आताचा ड्रायव्हर लंबू त्याच्याच हाताखाली तयार झाला, तोही तसंच करतो. मग एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. माझ्या सुजलेल्या पायांनी गावाची गाडी घालवली म्हणायची.

रात्री लेकीला सगळं सांगितलं. सोमवारपासून सहा रात्री कुणी वळणावर उतरायचं नाही, सगळ्यांनी फलाटावर उतरायचं. डब्यात एकेकाला सांग. जेवत होती. मान वर न करता म्हणाली, सांगते.

१० नोव्हेंबर, रविवार

पुन्हा आठवण केली. सांगितलं म्हणाली, सगळे हो म्हणाले. मग जरा जेवण गेलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

लेक अकराला आली. पुलावरून. टाचेला फोड. गरम पाण्यात पाय धरायला लावले. भिंगरी जागीच होती — नातीला सगळे भिंगरीच म्हणतात, एका जागी ठरत नाही म्हणून. आठ वर्षांची आहे, पण आईनं वेणी सोडल्याशिवाय झोपत नाही. मी सोडायला गेले की डोकं काढून घेते. तू ओढतेस म्हणते. ओढते मी. तीस वर्षं काजं शिवलेले हात आहेत, मऊ कुठून आणू?

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज पण अकरा. फोड फुटला. हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर उभं राहायचं, ओल्या चादरी उचलायच्या आणि वर हे चालणं. मी म्हटलं, तीनच दिवस राहिले. ती भिंतीकडे बघत होती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

संपली मोजणी. लेकीनं सहा रात्री पाय झिजवले. माझी लेक आहे, दुसरं काय!

१८ नोव्हेंबर, सोमवार

सहा. फलाटावर रोजची सहा माणसं!

मास्तरानं आकडा सांगितला तेव्हा म्हटलं, नीट बघ, तुझा चष्मा पूस. त्यानं कागद पुढे केला. सहा, सात, सहा, पाच, सहा, सहा.

लेकीला विचारलं. म्हणाली, मी सांगितलं गं आई, कुणी ऐकलं नाही. पाऊण तास कोण चालतं.

सहा दिवस! सहा दिवस चालता आलं नाही ह्यांना! बेकरीवाल्याच्या मुलीच्या लग्नात रात्रभर बसून सोळा ब्लाउजं शिवली मी. नर्सबाईच्या आजारपणात तिचं पोर माझ्याकडे होतं. आता रस्त्यात दिसले तर मान फिरवणार. फिरवलीच आज.

२० नोव्हेंबर, बुधवार

काल रात्री लेकीनं काढलंच. धुलाईखान्याच्या वरती बायकांची खोली आहे, त्यात एक खाट रिकामी झालीय. गाडी नसली तर तिथे राहीन, रविवारी येत जाईन. म्हटलं, आणि भिंगरी? तर म्हणते, तुझ्याजवळ आहेच की.

आहेच की! जसं काही पातेलं फडताळात आहे.

भिंगरी झोपलेली होती असं आम्हाला वाटलं. सकाळी मला विचारते, रविवारी रविवारी वेणी सोडली तर केस तुटतात का? मी म्हटलं, चहा घे. दुसरं काय सांगू. हिचा बाप असाच येतो म्हणून गेला. आधी महिन्याने येणार होता, मग सणासुदीला. आता त्याचा चेहरासुद्धा पोरीला फोटो काढून दाखवावा लागतो.

खाट रिकामी झाली की माणूस एकदम जात नाही. थोडं थोडं जातं. मला माहीत आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रेल्वेच्या मोठ्या ऑफिसला पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं, दोनदा फाडलं. लिहिलं की तुमचा माणूस चुकीच्या जागी उभा होता. आमची माणसं गिरणीमागच्या वळणावर उतरतात, तिशीच्या वर आहेत. मी स्वतः पहिली उतरले, दंड करायचा तर मला करा. गाडी तिथे हळू होते, ड्रायव्हर हळू करतो. खाली पत्ता आणि सही.

पेटीत टाकून घरी आले आणि मग लक्षात आलं. लंबूचं कशाला लिहिलं मी? अर्धं लिहिता येत नाही मला, हाच रोग.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

लंबूला काढलं शेवटच्या गाडीवरून. मालगाडीवर टाकलाय, वर चौकशी. दोन दिवस झाले, गाडी वळणावर हळू होत नाही. सगळी तीस माणसं मुकाट फलाटावर उतरतात आणि पुलावरून पाय ओढत येतात. गोदामातलं एक पोर दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, आजीनं चांगलीच वाट लावली.

लावली. खोटं काय आहे त्यात. लंबूच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोनं दार उघडलं, बसा पण म्हणाली नाही. बरोबर केलं. तीन पोरं आहेत तिला. मी उंबऱ्याबाहेरूनच चूक झाली म्हटलं आणि परत फिरले. चूक झाली म्हटल्यानं त्याची गाडी परत मिळते का!

संध्याकाळी ऑफिसचं पत्र आलं. गाडी बंद करणं पंधरा दिवस पुढे ढकललंय. रविवारी साहेब येणार, वस्तीत घरोघर फिरणार. ज्या घरातलं माणूस गाडीनं येतं-जातं त्या घरातल्या एकाने सांगायचं — गाडी पाहिजे की नको — आणि सही करायची.

लेकीला वाचून दाखवलं. आनंद होईल वाटलं. ताट उचलून मोरीत ठेवलं तिने. मग म्हणाली, तुला कुणी सांगितलं होतं पत्र लिहायला?

दमलीय. पाय सुजतात तिचेही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

नर्सबाई आली होती. अकरा दिवस मी मान फिरवली, तरी आली. ब्लाउज उसवलं होतं, तेवढं निमित्त. मी मशीनवरून मान न उचलता म्हटलं, सहा दिवस चालला असतात तर ही वेळ आली नसती.

तिनं ब्लाउज मशीनवर ठेवलं. मग म्हणाली, मावशी, कुठे चालायचं होतं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मी म्हटलं, माझ्या लेकीने सांगितलं डब्यात.

तर म्हणते, तिने सांगितलं, पण उलटं. म्हणाली, मोजणारा माणूस डब्यातच फिरणार आहे, तुम्ही नेहमीसारखे वळणावर उतरा. तो आठवडाभर ती स्वतः पुढच्या डब्यात बसत होती. आम्हाला वाटलं, हिचं स्टेशनावर काही काम असेल.

दोरा तुटला. पुन्हा ओवला. सुईचं भोक दिसेना. नर्सबाईनं ओवून दिला आणि गेली.

टाचेला फोड आणून रोज माझ्यासमोर पाय पसरत होती! आणि मी पाणी तापवत होते.

३० नोव्हेंबर, शनिवार

विचारलं नाही. दिवसभर काजं केली. चोवीस. सगळी उसवावी लागली, एक सरळ नाही.

आठवत बसले. नोकरी लागली तेव्हा लेक तेवीसची होती, भिंगरी सहा महिन्यांची. दहा वर्षं होत आली — छे, आठ. आठ वर्षं रोज पहाटे पाचला बाहेर, रात्री दहाला आत. हिला कधी कुणी विचारलं का? मी विचारलं का? मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही नाही विचारलं. माझ्या आईची रीत.

पण भिंगरीचा काय दोष?

१ डिसेंबर, रविवार

पहाटे विचारलं. रडली नाही, खोटंही बोलली नाही. म्हणाली, "आई, गाडी बंद पडली असती तर माझ्यावर कुणी बोट ठेवलं नसतं."

साहेब दहाला येणार. भिंगरीला नर्सबाईकडे ठेवून आले, तिनं हे ऐकायचं नाही. माझ्या तोंडून हो पण निघणार नाही आणि नाही पण निघणार नाही. सही माझी नाही. दार वाजलं की लेकीनं उघडायचं, आणि गाडी पाहिजे की नको ते तिनंच सांगायचं.