वकिलांची निळी बाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला नसेल तर त्यांना माझ्या वतीने तूच रागाव (मी रागावलो की ते हसतात). इकडे सगळं उत्तम. फक्त पुढच्या बुधवारी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. तू यायचं मुळीच कारण नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फोनवर तू खोदून विचारलं असतंस आणि मी 'काही नाही गं' म्हणून मोकळा झालो असतो, म्हणून हे पत्र.

झालं असं की समोरच्या वकिलांच्या काळ्या कोटाची बाही फाटली, ती मी नवी लावून दिली. माझ्या मते काळी. तो कोट घालून ते कोर्टात उभे राहिले आणि न्यायाधीशांनी खटला बाजूला ठेवून आधी बाहीची चौकशी केली, कारण ती चांगली गडद निळी होती. वकील तणतणत दुकानात आले. मी त्यांनाच डोळे तपासून घ्यायला सांगितलं (छत्तीस वर्षं कापड ओळखतोय, ऐकून का घेऊ?).

तसं दुसऱ्याचे डोळे ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. माप घेताना माणूस अगदी समोर उभा असतो, दुसरं बघायचं काय? शाळेतल्या बाई लाल, चिकट डोळे घेऊन आल्या, तेव्हा डोळे आलेत, टॉवेल वेगळा ठेवा, हे मीच सांगितलं. इस्त्रीवाल्याच्या पापणीवरची दुखरी पुळी म्हणजे रांजणवाडी, हेही मीच. वॉचमन समोर बघत नीट चालतो, पण दाराची चौकट दर वेळी त्याच्या खांद्याला लागते. त्याला मी बळेच डॉक्टरांकडे पाठवलं, तर काचबिंदू निघाला. कडेचं दिसेनासं झालं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

आणि माझं? दोन वर्षं सगळं धुरकट. समोरून गाडी आली की दिव्याने डोळे दिपतात, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, पांढरं कापड पिवळट दिसतं. पण दुखत नाही, लाल होत नाही, म्हणजे आजार नाही, असं मी ठरवून टाकलं. दुकानातले दिवे बदलले, खिडकीची काच घासली, कापडाच्या व्यापाऱ्याशी भांडलो. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ मला दिसलं, स्वतःचं मुसळ नाही. ही असती तर तिने पहिल्याच महिन्यात ओळखलं असतं. ही गेल्यापासून माझ्या डोळ्यांकडे बघणारं घरात कोणी नाही, ताई.

सुईत दोरा हल्ली गिऱ्हाइकांकडून ओवून घेतो. त्या निमित्ताने माणूस पाच मिनिटं बसतो, दोन गोष्टी बोलतो. एखाद्याने पटकन ओवला तर मी दुसरी सुई पुढे करतो.

शेवटी वॉचमननेच मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "ऑपरेशनला बरोबर कोण येणार?" मी म्हटलं, "माणसं पुष्कळ आहेत." मग त्यांनी फॉर्म दिला. त्यात जवळच्या नातेवाइकासाठी एकच ओळ होती, तरी मला ती भरायला फार वेळ लागला.

तर काळजी नसावी. वॉचमन येणार आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या ओळीत तुझं नाव आणि नंबर लिहिलाय. दवाखान्यातून फोन आला तर दचकू नकोस.

ता. क. वॉचमनला बुधवारी ड्यूटी आहे. खरं म्हणजे मी त्याला विचारलेलंच नाही.

ता. क. पट्टी गुरुवारी सकाळी काढतात आणि काय दिसतंय ते विचारतात. तेव्हा मला भिंतीवरची अक्षरं वाचायची नाहीत. तू समोर बस. मंगळवारीच ये.